बुटातली खोट

ठकीचा बाप बूट शिवायचा. गल्लीत त्याची एकच ख्याती होती: आपल्या कामातली खोट हा गडी मेला तरी कबूल करायचा नाही. कुणी जोड परत आणला, की तो त्याच्या पायांकडेच बघायचा. "बूट सरळ आहे हो, तुमचा पायच वाकडा!" गिऱ्हाईक हसत हसत जोड घेऊन जायचं, कारण बापाच्या हातात कसब होतं.

चार वर्षांच्या ठकीला कांजिण्या आल्या. अंगभर फोड, ताप, रडारड. मग खपल्या धरल्या, ताप उतरला आणि घराचा जीव भांड्यात पडला. खुशीत बापाने तिला लाल बूट शिवले. ठकी ते घालून निघाली आणि झिंगल्यासारखी दारावर आपटली. पोरगी मुळातच नकलाकार. सगळे पोट धरून हसले, बापाने तर टाळ्या वाजवल्या.

पण नक्कल काही संपेना. दुसऱ्या दिवशीही ती पाय फाकवून, भिंत धरून चालत होती.

"अहो, पोरीचं काहीतरी बिनसलंय. दवाखान्यात नेऊ या."

"बुटाची टाच जरा उंच झालीय, दुसरं काही नाही."

त्याच्या तोंडून असलं काही बायकोने आजवर ऐकलं नव्हतं. ती जास्तच घाबरली. त्याने टाच तासली, तळवा बदलला, शिवण उसवून पुन्हा घातली. ठकी पडतच राहिली.

शेवटी बायकोने तिच्या पायांतले बूट काढून कोपऱ्यात भिरकावले. "आता बघा!"

अनवाणी ठकी पाण्याच्या पेल्याकडे निघाली आणि वाटेतच कोसळली. बसल्या बसल्या पेला धरायला गेली, तर हात थरथरत भलतीकडेच गेला. बापाने तिला उचललं आणि थेट इस्पितळ गाठलं.

"कांजिण्यांमुळे मेंदूतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला सूज आलीय," इस्पितळातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "बहुतेक मुलं हळूहळू सावरतात. हिला किती वेळ लागेल, ते आज नाही सांगता येत. तोल जातोय हे दिसल्याबरोबर आणायचं होतं."

बाप मान खाली घालून उभा राहिला. त्या टाळ्या त्याला आठवत होत्या आणि स्वतःचे हात नकोसे झाले होते.

खाटेवरून ठकीने जड जिभेने विचारलं, "बाबा, माझे पाय वाकडे झाले?"

त्याने तिची पावलं हातांत घेतली. "नाही गं राणी. पाय सरळच आहेत. बुटात खोट होती."

"मग लवकर नीट कर ना," ठकी म्हणाली.