सूर्यभान पोस्टमनचा फोन

पाथरीच्या गल्ल्यांतून सूर्यभानरावांनी तीस वर्षं टपाल वाटलं. मोबाइल आल्यापासून शेवटचं घर झालं की ते घरी एक मिस कॉल द्यायचे. बायकोनं, म्हणजे सरजाबाईनं, ओळखायचं की आता चहा ठेवायचा. निवृत्तीनंतरही ही खोड गेली नाही. चौकात गप्पा छाटत बसले तरी चारला मिस कॉल यायचाच.

ते जाऊन सहा महिने झाले. त्यांचा फोन सरजाबाईनं बुद्धमूर्तीशेजारच्या फळीवर ठेवला होता. रोज चार्ज करायची, रिचार्जही चुकू द्यायची नाही. कुणी टोकलं की म्हणायची, "राहू द्या की! तुमचं काय खायलाय त्यो?"

त्या दिवशी नेमका चार वाजता तिचा फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, ‘सूर्यभान पोस्टमन’.

हातातलं पातेलं खाली पडलं. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा तिला आनंदच जास्त झाला. मेलेल्या माणसाचा फोन घ्यावा की नाही, हे कुणी शिकवलेलं असतं का! तिनं फोन कानाला लावला.

"कुठून बोलायलाव तुमी?"

पलीकडून एक अनोळखी, गोड आवाज आला. "मावशी, मी पेन्शन ऑफिसातून बोलतोय. तुमची खात्री पटावी म्हणून काकांच्याच नंबरावरून लावलाय. काका वारले, तेव्हा हा नंबर आज बंद होणार. चालू ठेवायचा असेल तर त्यांच्या फोनवर सहा आकडे आलेत, तेवढे वाचा. नाहीतर नंबर जाईल आणि पेन्शनही अडकेल."

नंबर जाईल! पेन्शनचं तिला ऐकूही आलं नाही. तिनं लगबगीनं फळीवरचा फोन काढला. आकडे आले होते खरे.

"चार... शून्य... सात..."

"कुणाशी बोलायलाव आत्याबाई?" अंगणवाडीतून आलेली सून, सुकेशनी, दारातून म्हणाली.

"तुझ्या मामांच्याच नंबरावरून हाय गं."

"आन् मामांचा फोन कुठंय?"

"ह्यो काय, माझ्या हातात..."

बोलता बोलता सरजाबाईनं खाली पाहिलं. हातातला फोन गप्प होता. तो कुणालाच लागलेला नव्हता. मग कानाशी बोलत होतं ते कोण?

सुकेशनीनं झटकन फोन कापला. "आत्याबाई, दुसऱ्याचा नंबर आपल्या पडद्यावर दाखवायची सोय निघालीय आता. बँकेचा, पोलिसाचा, तुमच्या लेकाचा, कुणाचाबी. कुठल्या तरी फॉर्मवरून तुमचे दोघांचे नंबर फुटले असतील. हे आकडे म्हणजे पेन्शनच्या खात्याचा ओटीपी हाय, त्याला मामांचाच नंबर जोडलाय. सहाही सांगितले असते तर खातं साफ!"

"पण चारलाच कसा आला गं?"

"योगायोग हाय. त्याला काय म्हाईत चारचं?"

सरजाबाईला ते पटवून घ्यायचं नव्हतं. तिनं तो मुका फोन पदरानं पुसला. मग हळूच म्हणाली, "हे म्हणायचे, लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीबी लिहितं सरजा, मी आधी शिक्का बघतो. पत्र कुठून निघालं ते शिक्का सांगतो. फोनवर कुठं असतोय गं शिक्का?"

"नसतोय ना! म्हणून तर आपण फोन ठेवायचा आन् पासबुकावरच्या नंबरावर आपणच लावून विचारायचं. ओटीपी कुणालाच सांगायचा न्हाई. काही घडलंच तर लगेच फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० नंबरावर कळवायचं."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. ‘सूर्यभान पोस्टमन’. सुकेशनीनं हात पुढं केला.

"थांब. मी कापते."

आजवर त्यांचा फोन तिनं कधीच कापला नव्हता. नाव वाजत राहिलं, वाजत राहिलं... आणि तिनं कापला! मग मात्र ती ओक्साबोक्शी रडली. ज्या दिवशी ते गेले, त्या दिवशीही इतकी रडली नव्हती. सुकेशनीनं बँकेला आणि १९३०ला कळवलं, तरी तिचे डोळे गळतच होते.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर सरजाबाई उभी राहिली. "बायांनो, माझ्या मेलेल्या मालकानं मला फोन केला होता!" तिनं घडलं ते सगळं सांगितलं. "आपल्या माणसाचं नाव दिसलं की आपण आधी जीव टाकतो आन् मग इचार करतो. चोराला हेच पायजे असतंय. नावाला भुलू नका. फोन ठेवा, आन् स्वतः लावून इचारा. खऱ्या माणसाला त्याचा राग येत न्हाई."

फळीवरचा फोन अजून तिथंच आहे. चार वाजले की सरजाबाई आता कुणाच्या मिस कॉलची वाट न बघता चहा ठेवते.