ब्रूडरबाँड

पवननं मोटरसायकलचं मागचं सीट रुमालानं पुसलं आणि कारखान्याच्या गेटकडे पाहिलं. जनरल पाळी सुटून अर्धा तास झाला होता. अखेर सत्यम बाहेर आला. सुपरवायझर मारुतीभाऊ त्याच्या खांद्यावर हात टाकून चालत होते, मागे त्यांची नेहमीची तिघं. सत्यमनं लांबूनच हात हलवला. तू हो पुढं, असा तो हात होता.

लोणावळ्याच्या कारखान्यातून गावी, टाकवे बुद्रुकपर्यंतचा रस्ता अकरा वर्षं दोघांनी एकाच गाडीवर कापला होता. एक दिवस पवनची गाडी, एक दिवस सत्यमची. गेल्या वर्षभरात मात्र शनिवार आला, की पवन एकटाच परतायचा.

दोन वर्षांपूर्वी नवा प्रेस बसवायला दक्षिण आफ्रिकेतून एक इंजिनियर आला होता. मारुतीभाऊंची मंडळी दुपारी टूलरूमचं दार लावून बसतात आणि ओव्हरटाइम कुणाला, रात्रपाळी कुणाला, कुणाचा भाचा कामावर घ्यायचा, हे तिथंच ठरतं, हे त्याला आठ दिवसांत कळलं. बंद दाराकडे बघून तो हसला आणि म्हणाला, ब्रूडरबाँड. बाकीच्यांना ते एखाद्या गोंदाचं नाव वाटलं. पवननं मोबाइलवर शोधलं. शब्द आफ्रिकान्स भाषेतला, इंग्रजीनं उसना घेतलेला. भाऊ भाऊ म्हणवणाऱ्यांची गुप्त टोळी, बाहेरच्याला थारा नाही. हा अर्थ त्यानंच हसत हसत सत्यमला सांगितला. सत्यमनं तो पुढं पोचवला. मंडळी खूश झाली आणि स्वतःला 'बाँड' म्हणवून घेऊ लागली.

अर्थ शोधणाऱ्याला कुणी आत बोलावलं नाही. सत्यमला बोलावलं. त्या सगळ्यांची घरं एकमेकांच्या सोयरिकीतली. पवनचं घर बुद्धविहाराच्या मागं. त्यावर कधी कुणी बोललं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

तेव्हापासून सत्यमचं हसणंसुद्धा बदललं होतं. आधी मारुतीभाऊंकडे बघायचं, मग हसायचं. पवन हे सगळं टिपत राहायचा आणि टिपतो म्हणून स्वतःवरच चिडायचा. दुपारच्या जेवणाला सत्यम शेजारी बसला, तरी आज किती वेळ बसला, हे त्याचं मन मोजायचं.

त्यात काल फलकावर नाव लागलं होतं. नव्या प्रेसवर लाइन लीडर म्हणून सत्यम. त्या इंजिनियरनं काम शिकवलं होतं पवनला आणि सत्यम ते पवनकडून शिकला होता. पद गेल्याचं वाईट वाटलंच. पण आज घरी जाताना डोळ्यांपुढून हलत नव्हता तो मारुतीभाऊंचा हात.

रविवारी सकाळी तो सत्यमच्या घरी निघाला. मारुतीभाऊंच्या फार्महाऊसवर दर शनिवारी दारू असते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिकडं फिरकणार नाही, अशी सत्यमनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून बायकोपुढं, राजेश्वरीपुढं, शपथ घेतली होती. तेव्हा पवन तिथंच उभा होता. आज राजेश्वरीला फक्त एक वाक्य सांगायचं होतं. वाटेत त्यानं ते दोनदा घोळवलं.

राजेश्वरी तळेगावची. तिनं त्याला ओसरीवर थांबूच दिलं नाही. सत्यम पेंड आणायला कान्ह्याला गेलाय, येईलच, म्हणाली आणि थेट स्वयंपाकघरात पाट मांडला. ओसरीवरचा चहा पवननं अकरा वर्षं प्यायला होता. आत तो पहिल्यांदाच बसत होता.

तिनं पुढ्यात ताट ठेवलं. मासवडी आणि वाटीत रस्सा.

"आज गरमच खा, भावजी. डब्यातली गार होऊन जात असेल."

पवनला काही कळेना.

"दर शनिवारी तुमच्यासाठी वेगळा डबा देते ना यांच्याजवळ. खरं सांगा, तिखट होतं का?"

मग ती तव्याकडे वळून बोलत राहिली. शनिवारी हे तुमच्याकडे असतात, त्यामुळे मला घोर नसतो, म्हणाली. सासूबाई, झुंबरबाई, आधी कुरकुरल्या होत्या, तिकडं जेवायचं कशाला म्हणून. तर यांनी सरळ सांगितलं, पवन माझा भाऊ हाय, त्याच्या घरचं मी खाणारच. त्या दिवसापासून सासूबाईंनी विषय काढला नाही.

पवन ताटाकडे बघत राहिला. घोळवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. वर्षभर त्याच्या नावाची मासवडी फार्महाऊसवर पाच जण खात होते. आणि या घरात वर्षभर एक पवन होता, ज्याच्याकडे सत्यम दर शनिवारी आठवणीनं जायचा, ज्याच्यासाठी आईशी भांडला होता. त्याला त्या पवनचाच हेवा वाटला.

त्यानं वडी मोडली, रश्शात बुडवून खाल्ली.

"तिखट बेताचं हाय, वहिनी," तो म्हणाला. "अशीच करत जा."

दारात सावली पडली. सत्यम पेंडीचं पोतं खांद्यावर घेऊन उभा होता. त्यानं पवनकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"भावजींना आवडते बरं का मासवडी," राजेश्वरी म्हणाली. "तुम्ही आपले कधी सांगत नाही."

 सत्यमला पोतं खाली ठेवायचं सुचलं नाही.

"वहिनी," पवन म्हणाला, "या शनिवारी तुमीपण या की. पोरीला, आईंनापण घ्या. तुमची जाऊ अमृता कवाची म्हणतीय, सत्यमभाऊ एकटेच येत्यात."

"येऊ की," राजेश्वरीचा चेहरा उजळला. "मी कधीपासून म्हणतेय यांना. किती वाजता यायचं?"

"ते सत्यमला ठाव."

तव्यावरची भाकरी फुगली. राजेश्वरी हातातलं उलथणं तसंच धरून नवऱ्याकडे बघत होती. सत्यमच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये उतरला.

"साडेसात," तो अखेर म्हणाला.

पवननं ताट पुढं सरकवलं आणि आणखी एक वडी मागून घेतली.