कोणालाही म्हणजे कोणालाही

बँकेने दिलेलं जुनं यंत्र बोलायचं. कार्ड आत सरकवून पिन दाबला की ते मावशीच्या कानात, संगणकावरून पैसे भरायला लागणाऱ्या कोडचा एकेक आकडा सांगायचं आणि गप्प बसायचं. मावशीला जन्मापासून दिसत नव्हतं. पियानो सुरात लावणं हा तिचा व्यवसाय. आपले व्यवहार थोरल्या भावाच्या हातातून सोडवून घ्यायला तिला चाळिशी उलटावी लागली होती. जमलं ते या डबीमुळे.

मग बँकेने नवं यंत्र धाडलं आणि जुनं बंद करून टाकलं. नव्याची बटणं बोटांना लागत होती, पण कोड फक्त पडद्यावर उमटायचा. यंत्र मुकं.

तिने बँकेला फोन लावून बोलणारं यंत्र मागितलं.

"घरातल्या कुणाकडून वाचून घ्या ना, मॅडम," पलीकडून लाडिक आवाज आला.

"कोड कोणालाही सांगू नका, असं तुम्हीच बजावता ना?"

"अहो, घरची माणसं काय परकी असतात?"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पियानोच्या तारा मागवायच्या होत्या, काम अडलं होतं. तिने भाचीला बोलावलं. भाची वाचत गेली, मावशी संगणकावर टाइप करत गेली. कोड चुकला. आपलंच बोट घसरलं असेल, म्हणून मावशीने नवा कोड काढला.

"त्रेपन्न, बारा, एकोणसत्तर, चाळीस."

तोही चुकला. सुरक्षेसाठी खातं गोठवल्याचं तिच्या बोलत्या संगणकाने ठणकावून सांगितलं.

"आता एकेक आकडा सांग बघू."

"पाच, तीन, एक, दोन, सात, नऊ..."

"सात, नऊ? अगं, ते एकोणऐंशी!"

"एकोणसत्तरमध्ये सत्तर आहे की नाही? सत्तर आणि वर नऊ!"

"एकोण म्हणजे एक उणा गं, बये!"

भाची ओशाळली. मावशीला तिचा राग आला नाही. राग कुणाचा, ते पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत शाखेत गेली. शाखाधिकाऱ्याने संगणकात डोकं घालून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कोड तुम्ही दुसऱ्या व्यक्तीला कळू दिलात. हा नियमभंग झाला, ताई. त्यापेक्षा खात्यावर भावाचं नाव घाला, कटकट मिटेल."

"भावाचं नाव काढायचं नाही!" मावशीचा आवाज चढला, तशी रांगेतली कुजबुज थांबली. "तुमच्याकडे फोन लावला की सुरुवातीलाच सांगता, संभाषण नोंदवलं जातंय म्हणून. लावा ते. घरच्यांकडून वाचून घ्या, हे कोण म्हणालं ते मलाही ऐकायचंय, या सगळ्यांनाही."

शाखाधिकाऱ्याचं पेन टकटकत राहिलं. मग त्याने कुणाला तरी फोन केला, हळू आवाजात बोलला आणि घसा खाकरला.

"बोलणारी यंत्रं आहेत म्हणे मुख्य कार्यालयात. पडून आहेत, कुणी मागत नाही."

"मी फोनवर काय तबला मागितला होता?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"खास बाब म्हणून देतो, ताई."

"खास काही नाही. माझं होतं, ते काढून घेतलंत. परत द्या."

आठवड्याने यंत्र आलं, खातंही पुन्हा सुरू झालं. मावशीने ते कानाला लावलं. शेजारी बसलेल्या भाचीने विचारलं, "काय म्हणतंय गं?"

"ते तुला कशाला सांगू?" मावशी म्हणाली आणि टाइप करू लागली.