न घेतलेलं नाव

वसुंधराबाईंनी पाय लांब सोडले, नडग्यांवर बाळाला पालथं घेतलं आणि तांब्यातलं पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून पाहिलं. ओमानमधल्या सोहारच्या जुलैत गार पाण्याचा नळ सोडला तरी हात भाजतो. मग गिझर बंद ठेवायचा आणि त्याच्या टाकीत निवलेलं पाणी न्हाण्याला घ्यायचं. ही युक्ती त्यांना नवऱ्याने शिकवली होती, लग्न होऊन त्या मस्कतला रुवीच्या भाड्याच्या खोलीत आल्या तेव्हा.

प्रशांत प्लांटच्या निळ्या शर्टात बाथरूमच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई, नावाचं आज ठरवून टाकू. उद्या मस्कतला जायचंय, पासपोर्टच्या अर्जाला."

"ठरलंय ना? ओजस."

"ते ठरलं गं. मधलं."

"मधलं काय ठरवायचं असतं? मधे बापाचं लागतं."

"मला बाबांचं घालायचंय," प्रशांत म्हणाला. "ओजस दयानंद धुरी."

वसुंधराबाईंचा पाणी ओतणारा हात थांबला. बाळाने मान वळवून ओठ काढले, तशी त्यांनी घाईने त्याच्या पाठीवर पाणी सोडलं.

"आणि शाळेत विचारलं वडील कोण, तर सांगायचं दयानंद," आतल्या खोलीतून उर्वीचा आवाज आला. "मग हा कोण? ओजसचा मोठा भाऊ?"

"आमच्या प्लांटमधल्या सगळ्या ओमानी पोरांच्या नावात आजोबा असतो."

"त्यांच्या नावात बापही असतो, प्रशांत." मग तीच म्हणाली, "आई म्हणतील तसं. त्यांनी हो म्हटलं तर माझं काही नाही."

प्रशांत उंबऱ्यावरच उकिडवा बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा गेले तेव्हा हा पोटातसुद्धा नव्हता. निदान नावात तरी दोघांची गाठ पडू दे."

"आधी न्हाणं होऊ दे. त्याला थंडी भरेल."

"जुलैत?" प्रशांत हसला आणि घड्याळाकडे बघत उठला.

वसुंधराबाईंनी बाळाला पंच्यात गुंडाळलं. त्यांच्या नवऱ्याचं नाव दयानंद नव्हतं. जनार्दन होतं. कागदावरचं नाव त्यांचं नाही, हे सांगू शकतील अशी माणसं आता दोनच उरली होती. एक त्या स्वतः आणि दुसरा दयानंद.

जना आणि दया चुलत भाऊ. कुडाळजवळच्या एकाच घरात, एकाच पावसाळ्यात जन्मलेले. मुंबईत वायरिंगचं काम शिकून मस्कतचा व्हिसा मिळवला होता तो दयाने. विमानाच्या आधल्या आठवड्यात तो पोफळीवरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. घरात म्हातारी माणसं रडत बसली. खाटेवरून दयाच म्हणाला, जन्याक जाऊ दे, मिशी तेवढी माझ्यासारखी कापा. पासपोर्टवरचा काळपट फोटो कोणी नीट पाहिलाही नाही. जना दया होऊन विमानात बसला, आणि मग त्याला पुन्हा जना होता आलं नाही. नोकरीच्या कागदावर दयानंद, बायकोच्या पासपोर्टवर दयानंद, मुलाच्या जन्मदाखल्यावर दयानंद. दीड वर्षापूर्वी मस्कतच्या हॉस्पिटलात वारला तोही दयानंदच.

गावात मात्र त्याला सगळे जनाच म्हणत. प्रशांतला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. कोकणात कुणाला घरचं नाव नसतं? त्यातून गावात आधीच एक दयाकाका होता, तेव्हा ओळखायला दुसऱ्याला जना. बाराव्याला भटजींनी नाव विचारलं आणि दयाकाकाने पुढे होऊन 'जनार्दन' सांगितलं, तेव्हा प्रशांतने ते पत्रिकेतलं नाव धरलं आणि दर्भ हातात घेऊन भटजींमागून ते उच्चारलं. वसुंधराबाई दाराआडून ऐकत होत्या. मुलगा बापाचं नाव घेत होता आणि तेच बापाचं खरं नाव आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

सांगायचं तर केव्हा? आधी नवऱ्याची नोकरी होती, मग मुलाचे कागद, आणि मग सांगण्याची वेळच मागे पडली.

दुपारी त्या दुपटी घडी करत बसल्या होत्या. उर्वी बाळाला पाजून बाहेर आली आणि त्यांच्याशेजारी टेकली.

"आई, तुमच्या मनात नाही का दयानंद?"

"तसं नाही गं." त्यांनी एक दुपटं घडी केलं, पुन्हा मोडलं. "ह्यांना घरी जना म्हणायचे."

"ते घरचं झालं. माझ्या बाबांना सगळे बंड्या म्हणतात. ओजस बंड्या धुरी चालेल का?"

वसुंधराबाईंना हसू आलं. जे बोलायला तोंड उघडलं होतं ते त्या हसण्यात राहूनच गेलं.

"पण खरं सांगू?" उर्वी म्हणाली. "तुम्ही बाबांचं नाव किती सहज घेता. माझी आजी मरेपर्यंत आजोबांना 'अहो'सुद्धा म्हणाली नाही. बारशाला तुम्ही उखाणा घेतलात तर व्हिडिओवर माझ्या मावशा बघत राहिल्या."

हे मस्कतच्या बायका पूर्वीही म्हणायच्या. हळदीकुंकवाला नाव घ्यायचा आग्रह झाला की बाकीच्या पदर तोंडाला लावत, आणि कुडाळकडची ही नवी नवरी 'दयानंदराव' असं खणखणीत म्हणून मोकळी. घरी आल्यावर नवरा पोट धरून हसायचा. दिराचं नाव घेतेस आणि वर बत्तासे खातेस, म्हणायचा. ऑफिसात, हॉस्पिटलात, शाळेत, कुठेही कोणी नवऱ्याचं नाव विचारलं तरी त्यांची जीभ अडखळली नाही. ते नवऱ्याचं नव्हतंच. जे होतं ते मात्र त्यांनी गावच्या रीतीप्रमाणे एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. तो जिवंत असताना नाही, आणि गेल्यावरही नाही.

आता पोर दयानंद होऊन शाळेत जाईल. चाळीस-पन्नास वर्षं वाहिलेलं परकं नाव आणखी एक पिढी पुढे सरकेल. नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागेल, आणि प्रशांतच्या स्वतःच्या नावाच्या मधली वीटच निघेल. हो म्हणावं, तर जना कुठेच उरत नाही. त्यांनी घडी केलेली सगळी दुपटी पुन्हा मोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली.

संध्याकाळी प्रशांत आला तो उत्साहात होता. बाळाला खांद्यावर घेत म्हणाला, "दयाकाकांना सांगू या. त्यांचंही नाव तेच, खूश होतील."

व्हिडिओ लागेना, म्हणून साधाच फोन केला. स्पीकर लावून टेबलावर ठेवला. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट होता. दयाभावजी त्यांना खुराड्यात घालत असावेत.

"काका, बाळाच्या नावात तुमचं नाव येणार. ओजस दयानंद धुरी."

पलीकडे खुराड्याचं दार आपटलं.

"माझा कित्याक, बाबा?" दयाभावजी म्हणाले. "तुझ्या बापाशीचा घाल मा."

"बाबांचंच घालतोय, काका. तुम्ही दोघं एकाच नावाचे, त्याला मी काय करू?"

पलीकडून खोकला आला. "वयनी खंय आसा?"

"इथेच आहे. आई, बोल."

"तो मोठा आवाज बंद कर आधी," वसुंधराबाई म्हणाल्या, आणि फोन कानाला लावून खिडकीशी गेल्या. खाली रस्त्यावर ट्रकांची रांग बंदराकडे वळत होती.

"वयनी, ह्या बरा नाय," दयाभावजी हळू म्हणाले. "जन्याचा नाव खंयच रवला नाय. कागदार नाय, थंयच्या दाखल्यार नाय. नातवाक तरी त्येचा लागू दे. सांगून टाक पोराक. आता कोण काय करतला आमका?"

वसुंधराबाईंनी मागे वळून पाहिलं. प्रशांत बाळाची पाठ थोपटत फेऱ्या मारत होता, जरा डावीकडे झुकून, बाप झुकायचा तसा.

त्यांना दयाभावजींची चाल आठवली. त्यांचा तो पाय पुढे कधी सरळ पडला नाही. एकदा, प्रशांत रांगत होता त्या सुट्टीत, त्यांनी अंगणात जनाला विचारलं होतं, तिथला समुद्र आपल्यासारखाच का रे. जायचं त्यांच्याही मनात होतं. पण त्यांच्या नावाचा माणूस आधीच तिथे होता. नाव विमानाने गेलं, माणूस बागेत राहिला. काजू राखले, जनाच्या आईला शेवटचं पाणी पाजलं. लग्नाचं कोणी विचारलं नाही, आणि मग त्यांनीही कोणाला विचारलं नाही.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुमचाच घालतंव आमी."

"मगे जन्याचा?"

"ता माझ्याकडे आसा."

पलीकडे कोंबड्या शांत झाल्या होत्या. दयाभावजी "बरा" म्हणाले. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाले काका?" प्रशांतने विचारलं.

"काही नाही. पाऊस चांगला आहे म्हणाले."

"मग? घालू ना दयानंद?"

"घाल."

"नक्की? सकाळपासून तुझा चेहरा वेगळाच होता."

"नक्की. आण त्याला इकडे, झोपेला आलाय तो."

प्रशांतने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि तो उर्वीला सांगायला आत गेला. वसुंधराबाईंनी खिडकीचा पडदा ओढला. बाळाचे डोळे अर्धे मिटले होते, एक मूठ त्यांच्या पदरात अडकली होती. ती न सोडवता त्या वाकल्या, त्याच्या कानाशी तोंड नेलं. 'ज'साठी जीभ टाळूला टेकली आणि तिथेच राहिली.