अण्णांच्या पायाचा डायल

आईनं अण्णांच्या गिटारवर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली, त्या दिवशी मी संयोगिताला फोन केला.

गिटार म्हटलं की गळ्यात अडकवायचं वाद्य डोळ्यांसमोर येतं. अण्णांची पेडल स्टील गिटार टेबलासारखी चार पायांवर उभी असते. तारा वरच्या बाजूला, आडव्या. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून त्या छेडायच्या, डाव्या हातातली पोलादाची गुळगुळीत कांडी त्यांच्यावरून सरकवायची आणि पावलानं खालची पेडलं दाबायची. पेडल दाबलं की आतल्या सळया तार ओढतात, सूर चढतो. तरुणपणी अण्णा, माझे वडील, ऑर्केस्ट्रात मांडीवरची साधी हवाईयन गिटार वाजवत. पेडलवाली त्यांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर मागवली, जुनी, परदेशातून, सुट्या भागांत. आमच्या शाहूपुरीतल्या घरात ती जोडून उभी राहिली तेव्हा आई म्हणाली होती, “एवढा खर्च करून इस्त्रीचं टेबल आणलं व्हय?”

आता ते खरं व्हायला लागलं होतं. मधुमेहानं अण्णांच्या डाव्या पावलातली संवेदना गेली. ताकद होती, स्पर्श नव्हता. पेडलला खाली अडसर असतो, त्यामुळे शेवटचा सूर बरोबर लागायचा. पण एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट पायाला कळेना, आणि या वाद्यात सगळी गोडी त्या वाटेतच असते. ती वाट म्हणजे मींड, आणि ती यायची पायरीवरून पाय घसरल्यासारखी. एका सकाळी अण्णांनी गिटारवर चादर घातली. मग ते रेडिओही लावेनासे झाले.

संयोगिता बारावीपर्यंत माझ्या बाकावर बसायची. मी फिजिक्स शिकवायला लागले, तिनं इंजिनिअर होऊन शिरोली एमआयडीसीत थोरल्या भावाबरोबर, विजयसिंहबरोबर वर्कशॉप टाकलं. ती दोघं पंपांचे सुटे भाग करतात. मी तिला विचारलं, पावलाचं काम गुडघ्याला देता येईल का? गुडघ्यात संवेदना शाबूत होती.

“येईल की. करतो मी,” ती म्हणाली.

तिनं केलेली, गुडघ्यानं ढकलायची दांडी घेऊन दोघं भाऊबहीण घरी आली. आईनं कपडे उचलले, अण्णांनी चादर काढली. दांडी बसवली. अण्णांनी गुडघा टेकवून जोर लावला. दांडी हलली नाही. अख्खी गिटार फरशीवर सरकली.

“संयोगिता,” अण्णा म्हणाले, “उसाची ट्रॉली ओढायची न्हाई गं मला.”

“मी सांगितलंतं हिला,” विजयसिंह म्हणाला. “हलकं कर म्हटलं. तर म्हणती, तुटलं म्हंजे?”

“तू गप. तुटलेला माल माघारी आला की तूच दोन दिवस जेवत न्हाईस.”

त्यांच्या धंद्यात भाग तुटला की शेतात पाणी थांबतं. त्यामुळे काहीही करायला घेतलं की हात आपोआप जाड बाजूला जातो. संयोगितानं दांडी परत नेली, घासून, भोकं पाडून हलकी केली. ती हलायला लागली. तरीही मींड येईना.

“पावलाला बारा वर्षं शिकवलंय,” अण्णा म्हणाले. “गुडघा आज बालवाडीत घातल्यागत हाय. तो शिकस्तोवर मी कुठला ऱ्हातोय.” त्यांनी चादर ओढून घेतली आणि तिचे कोपरे नीट केले. “ऱ्हाऊ दे पोरी. कपडे ठेवायला बरं हाय.”

कपड्यांचा गठ्ठा आईनं मांडीवरच धरून ठेवला.

संयोगिता गिटारखाली फरशीवर बसली. “अण्णा, वाजवू नका. नुसतं पेडल दाबा.”

अण्णांनी दाबलं. तिनं त्यांच्या पावलावर हात ठेवला. “हे कळतंय?”

“न्हाई.”

मग तिनं गुडघ्यावर बोट टेकवलं. “हे?”

“हे कळतंय की.”

तिनं पेडलपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर वितीनं मोजलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “प्राची, पंपाच्या आत हात जात नाही तिथं आम्ही डायल लावतो. आत टोक टेकतं, बाहेर काटा हलतो. आत काय चाललंय ते बाहेर कळतं. पाऊल शिकलेलं आहे ना? मग त्याचं काम कशाला काढायचं? त्याला डायल लावू.”

पावलाऐवजी कोण काम करील, एवढंच मी शोधत होते. पावलाला त्याचंच काम कळवता येईल, हे मला सुचलं नव्हतं. मला इतका आनंद झाला, की उठून मी चहा ठेवला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही गिटार टेम्पोत घालून शिरोलीला नेली. मशिनं बंद होती. संयोगितानं पेडलपासून सायकलच्या ब्रेकसारखी बारीक केबल वर आणली. तिच्या टोकाला, गुडघ्यावर बांधायच्या पट्ट्याला पितळी प्लेट, तिच्या आतल्या बाजूला हरभऱ्याएवढं बटण. पेडल जेवढं खाली जाईल तेवढं बटण गुडघ्यात रुतणार. यावेळी सगळं इतकं हलकं होतं, की विजयसिंहनं ते तळहातावर घेऊन फुंकर मारून पाहिली.

अण्णांनी नख्या घातल्या. पहिल्यांदा पाय घाईनं गेला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले. सूर निघाला, आणि घाटातली गाडी वळण घेते तसा, न थांबता, वरच्या सुराला जाऊन टेकला.

“पाय आला गं,” अण्णा म्हणाले.

मग ते भैरवी वाजवत राहिले. पत्र्याच्या छपराखाली तो आवाज मोठा वाटत होता. विजयसिंह भिंतीकडे तोंड करून नटबोल्टचे पाने पुसत उभा राहिला.

“अण्णा, मला बघू दे,” म्हणत संयोगितानं बटण आणि गुडघा यांच्यामध्ये आपलं बोट घातलं. बटण तिच्या बोटावर रुतायचं, बोट अण्णांच्या गुडघ्यावर. तेवढ्यातूनही अण्णांना कळत होतं. तिला संगीतातलं काही कळत नाही, असं ती नेहमी सांगते. मींड पोचली की तिची मान आपोआप खाली जात होती.

वाजवून झाल्यावर अण्णांनी पट्ट्याची पितळी प्लेट चाचपली. “हिच्यावर तुझं नाव कुठाय?”

“आमच्या मालावर आमचं नाव नसतंय, अण्णा. घेणाऱ्या कंपनीचं असतंय.”

“मग घेणारा मी हाय. तुझं नाव घाल.”

ती हसली. मग बघितलं तर ते हसत नव्हते. विजयसिंहनं धातूवर अक्षरं ठोकायचे पंच आणि हातोडी आणून तिच्यापुढे ठेवली. पंच इंग्रजी अक्षरांचे होते. एकेक अक्षर ठोकताना मधलं एक तिरकं बसलं.

“बिघडलं. नवी प्लेट करतो.”

“ऱ्हाऊ दे,” अण्णा म्हणाले. त्यांनी पट्टा परत गुडघ्यावर बांधला आणि तिला समोरच्या स्टुलावर बसायला सांगितलं. “आता बोट घालू नगंस. नुसतं ऐक.”