ताईच्या गाडीचा पुढचा ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे, मित्रांनो. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला एक भोकाभोकांची चकचकीत चकती असते ना, तिला दोन्ही बाजूंनी धरणारा धातूचा पंजा म्हणजे मी. गॅरेजमध्ये मला कॅलिपर म्हणतात. माझ्या पोटात एक पिस्टन आहे. हँडलवरचा लिव्हर दाबला, की नळीतले ऑइल त्याला पुढे ढकलते आणि मी चकती घट्ट धरतो.

कारखान्यात वितळलेला धातू साच्यात ओतून मला घडवले. माझ्यासारखीच कितीतरी भावंडे शेजारी होती. पुढे कोण कुठे गेले, देव जाणे. मी एका मोटारसायकलवर चढलो आणि एका शिंप्याच्या घरी आलो.

घर लहान होते. पुढच्या खोलीत बाबांचे शिलाई मशीन आणि कापड बेतायचे लांब टेबल. आई दारातल्या उजेडात बसून काजे-बटणे करी. दोन मुली होत्या. थोरलीला सगळे ताई म्हणत, अगदी बाबासुद्धा. धाकटीला धाकटीच म्हणत.

गाडी ताईची होती. ती आजारी माणसांच्या घरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेई आणि ते प्रयोगशाळेत पोहोचवी. मागच्या सीटवर बर्फाची पेटी बांधलेली असे. आतल्या काचेच्या नळ्यांना धक्का लागू नये, म्हणून ती मला फार हळुवार दाबायची. वळणावर एक कुत्रा नेहमी रस्त्याच्या मधोमध झोपलेला असे. त्याच्यापुढे गाडी अलगद थांबवून ती म्हणे, "उठा कुंभकर्ण, लोकांना कामं असतात!" मग माझ्याकडे वाकून बघे. "ब्रेक आहे की लोणी!" असे तिने म्हटले, की माझा दिवस सोन्याचा होई.

मग तीच आजारी पडली. तिला अपघात झाला नाही, मित्रांनो. पोटात एक दुखणे होते आणि ते उशिरा कळले. आता दुसरेच कुणीतरी पेटी घेऊन आमच्या घरी येई आणि तिचे रक्त घेऊन जाई. "नस नीट बघा हं," ती हसून त्याला सांगे. "मी असते तर एका टोचणीत काम झालं असतं." काही दिवसांनी तो यायचा थांबला. ताई गेली होती.

गाडी व्हरांड्यात उभी राहिली. तिला कुणी हात लावायचा नाही, असे बाबांनी सांगून टाकले. ते स्वतः मात्र दर रविवारी बादली भरून आणत आणि गाडी धूत. मग मऊ चिंध्या घेऊन टाकी पुसत, आरसे पुसत, मलाही पुसत. त्यांची बोटे फार मायाळू होती. पण पुसलेले पाणी वरचे होते. आत शिरलेले पाणी कुणाला दिसत नव्हते. गाडी फिरली असती, तर मी तापलो असतो आणि सुकलो असतो. ती जागची हलली नाही. माझे ऑइल काळवंडले, मी ज्या पिनांवर सरकतो त्यांचे ग्रीस सुकले, पिस्टनला गंज चढला. बाहेरून मी आरशासारखा लखलखत होतो आणि आतून कुजत होतो.

पुढे धाकटीला नदीपलीकडच्या रोपवाटिकेत नोकरी लागली. तिकडे बस जात नव्हती.

"बाबा, ताईची गाडी नेऊ?" तिने विचारले.

"ती गाडी तिची आहे."

"मग मी कुणाची आहे?" धाकटी एकदम बोलून गेली.

मशीन थांबले. आईने हातातली सुई कापडात टोचून ठेवली. "अहो," ती म्हणाली, "एक लेक गेली. दुसरीला पायी कुठवर धाडायची?"

बाबा उठले आणि खुंटीवरची किल्ली काढून धाकटीच्या हातात ठेवली. दोघांनी मिळून गाडी स्टँडवरून उतरवली आणि ढकलली. पुढचे चाक तसूभरही हलले नाही. मी जाम झालो होतो. बाबांनी पुन्हा जोर लावला. मग ते तिथेच पायरीवर बसले.

"मी दर रविवारी पुसत होतो गं," ते म्हणाले. "एकही रविवार चुकवला नाही."

धाकटीने कधी पाना धरला नव्हता. तिने ताईच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "आधी बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा आणि थांबा. घाई केलीत तर बोल्ट तुटेल. आणि ते तेल चकतीवर उडू देऊ नका." धाकटीने चकतीला फडके गुंडाळले आणि तेल मारले. बोल्ट सैल झाले, पण मी चकती सोडेना. तिने हातोडी उचलली, तशी आई आतून कपडे धुवायचे धोपाटणे घेऊन आली. "हे घे. लोखंडानं टवके उडतील. आजवर यानं चादरी बडवल्या, आज ब्रेक बडवू दे." कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसले. धोपाटण्याच्या हलक्या ठोक्यांनी मी हळूहळू सरकलो आणि निघालो.

पिस्टन मात्र आतच अडकला होता. धाकटीने मला चिंधीत धरले आणि बाबांना लिव्हर दाबायला सांगितले. ताईनंतर त्या लिव्हरवर कुणाची बोटे वळली नव्हती. बाबांनी दाबला, सोडला, पुन्हा दाबला. पिस्टन केसाकेसाने पुढे आला आणि शेवटी 'फट्' करून बाहेर पडला. त्याच्यामागून ऑइलात मिसळलेले तपकिरी गढूळ पाणी आले.

बाबांनी ते बोटावर घेतले. "हे माझंच पाणी का गं?"

धाकटी खोटे बोलली नाही. "हो, बाबा."

"मायेनंच घातलंत," आई म्हणाली. बाबांनी मान हलवली, पण त्यांचे बोट कितीतरी वेळ तसेच पुढे धरलेले होते.

संध्याकाळी गॅरेजवाला स्वतः येऊन गेला. त्याने पिस्टनवरून नख फिरवले, मग माझ्या पोटातून फिरवले. "काका, नख अडतंय बघा. खड्डे पडलेत. नवी रबरं घातली तरी ऑइल झिरपणार. हा बदलायला हवा."

"घासून नाही चालणार?"

"ब्रेकच्या बाबतीत 'चालतंय' चालत नाही, काका. ताईच म्हणायची तसं."

बाबांनी मला हातात घेतले, उलटसुलट पाहिले. मग म्हणाले, "नवा बसव."

आता गाडीवर नवा कॅलिपर आहे. त्याच्याबद्दल माझ्या मनात असूया नाही. धाकटीला त्याने सांभाळावे, एवढेच मी त्याला मनोमन सांगतो. बाबांनी मला भंगारात दिले नाही. कापड बेतताना ते सरकू नये म्हणून टेबलावर वजन ठेवतात, ते आता मी आहे. खडूची पूड अंगावर बसते. कुणी पुसत नाही आणि मला ते बरे वाटते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाची तरी वस्तू असेल. सायकल असेल, बाजाची पेटी असेल, घड्याळ असेल. तिला नुसते पुसत बसू नका. चाक फिरवा, सूर काढा, किल्ली द्या. आणि तिच्याजवळ एखादे जिवंत माणूस हात पुढे करून उभे असेल, तर त्याच्याकडेही बघा.

परवा संध्याकाळी गल्लीत गाडीचा ओळखीचा आवाज आला. बाबा मशीनवर वाकलेले होते. मान वर न करता ते म्हणाले, "आलीस का गं, ताई?"

मशीन थांबले. आईचा हात जागच्या जागी राहिला. दारात धाकटी हेल्मेट काढत उभी होती, पायांना रोपवाटिकेची माती लागलेली. तिने बाबांकडे पाहिले.

"हो, बाबा," ती म्हणाली. "आले."