डोणीवरची हरणी

मित्रांनो, जामखेडकडच्या माळावर, रंगनाथच्या घरामागच्या परसात माझे सारे आयुष्य गेले. मी एक जुनी दगडी डोण. छगन पाथरवटाने अखंड काळा दगड पोखरून मला घडवले. बैलांच्या जिभेला खरचटू नये म्हणून त्याने माझा तळ हाताने चाचपून चाचपून गुळगुळीत केला. रंगनाथचे बैल शेतातून परतले की माझ्यात तोंड घालत. त्यांचे घटाघटा पिणे ऐकून मीच तृप्त होई.

मग दुष्काळ पडला. त्र्याहत्तर साल उजाडले तेव्हा विहिरीला ओलही नव्हती. बैल गुरांच्या छावणीत गेले. रंगनाथ आणि त्याची बायको बनुबाई खडी फोडायच्या कामावर जाऊ लागले. माझ्यात फक्त पाचोळा साठला.

चैत्रातल्या एका सकाळी कुंपणाच्या फटीतून एक हरणी आत आली. मागे पाडस होते. तिने माझा कोरडा तळ चाटला. मित्रांनो, त्या वेळी मला माझ्या दगडपणाची लाज वाटली. बनुबाई दारातून पाहत होती. तिने लांबून भरून आणलेली घागर माझ्यात रिकामी केली आणि ती मुकाट घरात गेली. तिच्या चाहुलीने पळालेली हरणी हळूच परतली.

रंगनाथ चिडला. "प्यायला पानी न्हाई अन् तू रानातल्या जनावरांना घालती?"

"माझ्या आंघोळीचं हुतं," बनुबाई म्हणाली. "मी अंग पुसून घेईन."

त्या दिवसापासून बनुबाई रोज तेवढे पाणी माझ्यात ओती आणि माझ्याकडे पाहुणे येऊ लागले. ससा दोन घोट पिऊन दहादा कान टवकारी. खोकड झुपकेदार शेपटी सावरून काठावर पुढचे पाय ठेवी. तितर पिल्लांना रांगेने आणी. पण हरणीची ऐट काही वेगळीच. पाडसाचे पिणे होईपर्यंत ती पाण्याला तोंड लावत नसे. मान उंच, कान फिरते, अंगावर कोवळे ऊन. रंगनाथही आता दाराआडून बघत राही. हातातला चहा निवून जाई.

एके दिवशी शेजारचा गहिनीनाथ फासे घेऊन आला.

"तात्या, पोरं नुसत्या सरकारी सुकडीवर हायती. एक हरीन घावलं तर दोन्ही घरांचं भागंल."

रंगनाथने आतल्या चुलीकडे पाहिले. त्याच्याही घरात दुसरे काही शिजत नव्हते.

"पोरांची भूक मला कळती," तो म्हणाला. "पर ती हितं पान्याला येती. पान्यावर न्हाई धरायचं कुनाला. बस माझ्यापाशी. आधी बघ तरी तिला."

दोघे उंबऱ्याआड बसले. हरणी आली. तिला वास लागला असावा. ती थबकली, थरथरली. पाडस मात्र पुढे झाले आणि पिऊ लागले. तेव्हा ती त्याच्या आणि दाराच्या मधे येऊन उभी राहिली. पळाली नाही.

गहिनीनाथने फासे गुंडाळले. "लई जिगरीची हाय," एवढेच म्हणाला आणि गेला.

पुढे पाऊस झाला. माळ हिरवा झाला आणि हरणी यायची थांबली. मला वाईट वाटले नाही. रानात पाणी असल्यावर तिने माझ्याकडे का यावे?

आता मला तडा गेला आहे. पाणी टिकत नाही. म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगते. ऊन तापू लागले की परसात पाण्याचे एखादे भांडे ठेवा. आणि ठेवलेत की तिथे उभे राहू नका, लांब व्हा. तहानलेल्या जिवाला निर्धास्तपणे पिऊ द्या.